संध्याकाळी बॅकअप सुरू झाला की काटा अडकतो: नेटवर्क साठवणुकीत ट्रान्सफर साइज आणि रॅमचा हिशोब

दिवाळीनंतर कापसाचा सीझन सुरू झाला की जिनिंगच्या ऑफिसात एकच तक्रार परत परत येते. दिवसभर सगळं सुरळीत. संध्याकाळी बॅकअप सुरू झाला किंवा कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग सर्व्हरवर टाकायला घेतलं, की धर्मकाट्याची पावती निघत नाही. माउस हलतो, घड्याळ चालतं, पण फोल्डर उघडत नाही आणि सेव्ह दाबलं की खिडकी पांढरी पडते. बाहेर कापसाच्या गाड्या उभ्याच. दोन-तीन मिनिटांनी आपोआप सुटतं, थोड्या वेळाने पुन्हा अडकतं. मशीन रिस्टार्ट केलं की त्या दिवसापुरतं भागतं, दुसऱ्या संध्याकाळी तेच.

कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) लॉगमध्ये साधारण दोन ओळी दिसतात. एक, ‘एनएफएस सर्व्हर नॉट रिस्पॉन्डिंग, स्टिल ट्राइंग’ आणि तिच्या मागोमाग ‘ओके’. दुसरी, अमुक टास्क १२० सेकंदांपेक्षा जास्त वेळ ब्लॉक झाला. या ओळी वाचून लोक सर्व्हर बदलतात, डिस्क बदलतात, नाहीतर इंटरनेटवर सापडलेले माउंटचे (सर्व्हरचं फोल्डर आपल्या मशीनला जोडण्याचे) आकडे जसेच्या तसे टाकून बघतात. बहुतेक वेळा यातलं काहीच बिघडलेलं नसतं. बिघडलेला असतो तो गुणाकार.

ज्या मांडणीत हे घडतं ती हिंगणघाट, वणी, पांढरकवडा, अकोट अशा कापसाच्या पट्ट्यात सर्रास दिसते. सर्व्हर म्हणून २ जीबी रॅमचा जुना डेस्कटॉप, त्यावर लिनक्स आणि एनएफएस, म्हणजे सर्व्हरची फोल्डरं नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनला वापरू देणारी पद्धत. ऑफिसात ८ जीबी रॅमचं लिनक्सचं मुख्य मशीन. काट्याच्या नोंदी, हिशोब आणि कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग इथूनच सर्व्हरवर जातं. एक-दोन विंडोज मशीन साम्बाने (विंडोजला सर्व्हरवरच्या फाइली देणाऱ्या सॉफ्टवेअरने) जोडलेली. मध्ये आठ पोर्टचा साधा स्विच. शाळेची लॅब असो की पतसंस्था, आकडे बदलतात, दुखणं तेच राहतं.

एक सूचना आधीच. फाइलींची आणि सेटिंगची नावं खाली देवनागरीत आहेत. टर्मिनलवर ती नावं आणि त्यांच्यासोबतचे आकडे इंग्रजीत, अक्षरं लहान लिपीत टाइप करायची; फक्त पिंगच्या ‘-एम’ मधला आणि डीडीच्या ‘१एम’ मधला एम मोठ्या लिपीत. जिथे खाली रेघ दाखवली आहे, तिथे ती द्यायचीच.

गाडी किती मोठी, आणि अंगणात गाड्या किती

ट्रान्सफर साइज म्हणजे ड्रायव्हर (कर्नलचा डेटा ने-आण करणारा भाग) एका रिक्वेस्टमध्ये जास्तीत जास्त किती डेटा नेतो ते. एनएफएसमध्ये वाचण्यासाठी आरसाइज आणि लिहिण्यासाठी डब्ल्यूसाइज. जिनिंगच्या भाषेत ही गाडीची साइज. छोटा मेटाडोर असो की मोठा ट्रक, काट्यावर चढवणं, पावती फाडणं, रिकामी गाडी पुन्हा तोलणं हा खर्च प्रत्येक गाडीमागे तेवढाच. म्हणून मोठ्या गाडीने माल लवकर उतरतो आणि म्हणूनच सगळे डब्ल्यूसाइज १०४८५७६, म्हणजे १ एमबी, ठेवायला सांगतात. तेवढं बरोबर आहे.

पण गाडी उभी राहायला अंगण लागतं. ड्रायव्हर एक रिक्वेस्ट पाठवून उत्तराची वाट बघत बसत नाही, एकामागून एक पाठवत राहतो. एनएफएसच्या ४.१ आवृत्तीत लिनक्सचा क्लायंट (सर्व्हरची फोल्डरं वापरणारं मशीन) डिफॉल्टने ६४ पर्यंत स्लॉट, म्हणजे एका वेळी वाटेत असू शकणाऱ्या रिक्वेस्टच्या जागा, मागतो. म्हणजे १ एमबीच्या ६४ गाड्या, ६४ एमबी माल एकाच वेळी वाटेत. लाइन १०० एमबीपीएसची असेल तर तिच्यातून प्रत्यक्षात सेकंदाला साधारण ११ एमबी जातं. ६४ एमबी उतरायला जवळपास ६ सेकंद. आता काट्याची ४ केबीची पावती या रांगेच्या शेवटी उभी राहिली, तर वाईट वेळी तिला हे ६ सेकंद काढावे लागतात. शिवाय एनएफएसमध्ये फाइल बंद करताना तिचा सगळा डेटा सर्व्हरवर पोचेपर्यंत प्रोग्रॅमला थांबावं लागतं. काट्याचं सॉफ्टवेअर एका नोंदीसाठी तीन-चार छोट्या फाइली उघडत-बंद करत असेल, तर ६ सेकंदांचे २४ व्हायला वेळ लागत नाही. साइज १२८ केबी केली तर तेच ६४ स्लॉट ८ एमबी होतात, रांग पाऊण सेकंदाची.

हे झालं वाटेतल्या मालाचं. खरा साठा त्याच्याही मागे, क्लायंटच्या रॅममध्ये असतो. प्रोग्रॅमने ‘लिहिलं’ म्हटलं की कर्नल डेटा रॅममध्ये घेतो, ‘झालं’ म्हणतो आणि सर्व्हरकडे नंतर पाठवतो. या न पोचलेल्या डेटाला डर्टी म्हणतात, ही उधारीच. तिची डिफॉल्ट मर्यादा मोकळ्या होऊ शकणाऱ्या रॅमच्या २० टक्के. ८ जीबीच्या मशीनवर साडेसहा जीबी उपलब्ध धरली तर १.३ जीबी उधारी. सेकंदाला ११ एमबीने ती फेडायला १३०० भागिले ११, म्हणजे जवळपास दोन मिनिटं. लॉगमधला १२० सेकंदांचा आकडा त्या ओळीची कर्नलने ठरवलेली मुदत आहे, आणि उधारी नेमकी तेवढ्यातच अडकते. कॅमेरे चालू असतील तर त्या ११ मधूनही त्यांचा वाटा जातो. १६ कॅमेरे, प्रत्येकी ४ एमबीपीएस, म्हणजे ६४ एमबीपीएस, सेकंदाला ८ एमबी. बॅकअपसाठी उरले जेमतेम ३. आणि उधारी मर्यादेला टेकली की कर्नल लिहिणाऱ्या सगळ्यांनाच थांबवतो. मोठी फाइल कुणाची होती हे काट्याच्या सॉफ्टवेअरला कसं कळणार?

म्हणून हिशोब असा करायचा: साइज गुणिले एकाच वेळच्या रिक्वेस्ट, त्यात मागची उधारी, आणि एकूण भागिले लाइन किंवा डिस्क यांपैकी जी हळू तिचा वेग. उत्तर सेकंदांत येतं. ते १० च्या वर गेलं की माणसाला मशीन हँग वाटतं. नुसती साइज कमी-जास्त करणारे गुणाकारातला सगळ्यात छोटा आकडा हलवत असतात.

आकड्यांना हात लावण्याआधी केबल

हे सोडून पुढे जाऊ नका. गिगाबिट जोडणीला केबलच्या चारही जोड्या लागतात, १०० एमबीपीएसला दोनच पुरतात. उंदराने एक तार कुरतडली, आरजे-४५ कनेक्टर नीट क्रिंप झाला नाही, किंवा तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची स्वस्त केबल टाकली, की जोडणी तुटत नाही, चुपचाप १०० वर येते. ईथटूल कमांडला कार्डाचं नाव दिलं की स्पीड दिसतो. १००० दिसायला हवा तिथे १०० दिसला तर आधी केबल बदला. अर्ध्या ठिकाणी तक्रार इथेच संपते. पावसाळ्यात जवळपास वीज पडून गेल्यावर स्विचचे एक-दोन पोर्ट अर्धवट मरतात, तिथेही हेच दिसतं. दुसऱ्या पोर्टमध्ये लावून बघा.

मग आयपी कमांडला ‘-एस लिंक’ जोडून एरर आणि ड्रॉपचे आकडे बघा. दहा मिनिटांच्या अंतराने दोनदा. आकडा वाढत असेल तर साइज कितीही ठेवा, उपयोग नाही.

एमटीयू (एका पॅकेटची कमाल साइज) १५०० च राहू द्या. कुणी वेगासाठी एका मशीनवर ९००० केलं असेल आणि स्विच तो झेपवत नसेल, तर लक्षण फसवं असतं: पिंग जातं, फोल्डरची यादी दिसते, मोठी फाइल मात्र सुरू होऊन थिजते. खात्रीसाठी पिंगला ‘-एम डू’ आणि ‘-एस १४७२’ देऊन बघा. १४७२ मध्ये हेडरचे २८ मिळवले की १५०० होतात. हे गेलं पाहिजे. ९००० ठेवलंच असेल तर ८९७२ जाऊन दाखवलं पाहिजे.

आणि सर्व्हरचं झाकण उघडा. जिनिंगमध्ये रुईचा कण न कण हवेत असतो. पंख्याच्या पात्यांवर आणि हीटसिंकच्या फटींत पांढरा नमदा बसतो, बोटाने ओढला तर कापडासारखा सलग निघतो. तापलेला प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो, डिस्कही तापते. मऊ ब्रशने आणि ब्लोअरने साफ करा, पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा म्हणजे हवेने उलटं गरगरणार नाही. सीझनमध्ये दर पंधरा दिवसांनी.

दुखणं कुठे आहे ते बघणं

अडकलेलं असतानाच बघायला हवं. सुटल्यावर काही दिसत नाही. मुख्य मशीनवर वॉच कमांडने दर सेकंदाला ‘/प्रॉक/मेमइन्फो’ मधल्या डर्टी आणि राइटबॅक या दोन ओळी समोर ठेवा आणि मोठी फाइल कॉपी करायला लावा. डर्टीचा आकडा भराभर चढतो. कॉपीची पट्टी पहिल्या काही सेकंदांत ३०-४० टक्क्यांवर उडी मारते, बघणाऱ्याला वाटतं काय वेग आहे! मग डर्टी एका उंचीवर जाऊन थबकतो, राइटबॅक वर येतो, पट्टी जागच्या जागी थांबते. नेमक्या त्या क्षणी दुसऱ्या खिडकीत त्याच माउंटवर छोटी फाइल सेव्ह करून बघा. ती लटकली तर निदान झालं.

दुसरं साधन एनएफएसआयओस्टॅट, दर सेकंदाला. त्यात चार रकाने कामाचे. एका ऑपरेशनमागे किती केबी: प्रत्यक्ष ट्रान्सफर साइज इथे दिसते. रीट्रान्स: हा शून्याच्या आसपास हवा. सरासरी आरटीटी: रिक्वेस्ट निघाल्यापासून उत्तर येईपर्यंतचे मिलिसेकंद. सरासरी एक्झी: क्लायंटच्या रांगेतला वेळ धरून एकूण. एक्झी मोठा आणि आरटीटी लहान असेल तर माल क्लायंटपाशीच तुंबला आहे, स्लॉट आणि उधारीकडे बघा. आरटीटीच मोठा असेल तर लाइन किंवा सर्व्हरची डिस्क. हा फरक न बघता केलेली प्रत्येक दुरुस्ती अंदाजपंचे.

तिसरं, एनएफएसस्टॅटला ‘-एम’ देऊन माउंटची खरी साइज बघा. इथे बरेच जण गोंधळतात: एफएसटॅबमध्ये (माउंटची यादी असलेल्या फाइलीत) १०४८५७६ लिहिलंय, दिसतंय मात्र २६२१४४. ही चूक नाही. लिनक्सचा एनएफएस सर्व्हर स्वतःच्या रॅमकडे बघून मर्यादा ठरवतो: एका थ्रेडमागे (सर्व्हरच्या एका कामकऱ्यामागे) एकूण रॅमचा ४०९६ वा भाग, तोही दोनाच्या घातात खाली आणून. ४ जीबीला बरोबर १ एमबी येतो, पण कर्नल स्वतःसाठी थोडी रॅम राखून ठेवतो, त्यामुळे ४ जीबीच्या मशीनवर बहुधा ५१२ केबी मिळतात, २ जीबीवर २५६ केबी, १ जीबीवर १२८ केबी. माउंट होताना दोघांपैकी लहान आकडा ठरतो. सर्व्हर इथे आपली ऐपत सांगतोय आणि त्याचं ऐकणं बरं.

दुरुस्ती, याच क्रमाने

पहिली दुरुस्ती उधारीची, क्लायंटवर. ‘/ईटीसी/सिससीटीएल.डी’ मध्ये एक फाइल करा आणि दोन ओळी लिहा:

व्हीएम.डर्टी_बॅकग्राउंड_बाइट्स = १६७७७२१६
व्हीएम.डर्टी_बाइट्स = ६७१०८८६४

पहिला आकडा १६ एमबी. इतकं साचलं की कर्नल मागच्या मागे पाठवायला लागतो. दुसरा ६४ एमबी. त्यापुढे लिहिणाऱ्याला थांबवतो. १०० एमबीपीएसच्या लाइनला ६४ एमबी म्हणजे ६ सेकंद. गिगाबिट असेल आणि सर्व्हरची डिस्क सेकंदाला ८० एमबी घेत असेल, तर डर्टी बाइट्स ४०० एमबी ठेवायला हरकत नाही, पाच सेकंदांचाच माल. सूत्र तेवढंच: हळू टोकाचा वेग गुणिले पाच-सहा सेकंद. बाइट्सवाली सेटिंग लावली की टक्क्यांवाली आपोआप शून्य दिसते. दोन्ही एकत्र चालत नाहीत, त्यामुळे जुन्या फाइलीत डर्टी रेशोची ओळ असेल तर काढून टाका, नाहीतर बूट होताना शेवटी वाचलेली जिंकते.

ही मर्यादा संपूर्ण मशीनला लागते, आतल्या डिस्कलाही. त्या मशीनवर स्थानिक डिस्कचं जड काम चालत असेल तर फक्त त्या माउंटला बांधा: माउंटपॉइंट कमांडला ‘-डी’ देऊन ०:५२ असा क्रमांक मिळतो, मग ‘/सिस/क्लास/बीडीआय’ मधल्या त्याच क्रमांकाच्या फोल्डरात मॅक्स_रेशो १०० वरून ५ करा.

कॉपीची पट्टी आता सुरुवातीला उडी मारणार नाही, संथ आणि सारखी चालेल. ऑफिसातले म्हणतील वेग कमी झाला. एकूण वेळ घड्याळावर मोजून दाखवा. तो जवळपास तेवढाच असतो, कारण लाइन तीच आहे.

दुसरी दुरुस्ती स्लॉटची. ‘/ईटीसी/मॉडप्रोब.डी’ मध्ये एनएफएस मॉड्यूलसाठी मॅक्स_सेशन_स्लॉट्स=१६ असा ऑप्शन द्या. आवृत्ती ३ वर असाल तर सनआरपीसीच्या टीसीपी_मॅक्स_स्लॉट_टेबल_एंट्रीज १६ करा. तिची डिफॉल्ट कमाल ६५५३६ आहे, म्हणजे व्यवहारात लगामच नाही. गावातल्या ऑफिसचं जाळं एका खोलीतलं असतं, जाऊन-येऊन एक मिलिसेकंदही लागत नाही. तिथे लाइन भरलेली ठेवायला १६ स्लॉट भरपूर झाले. ६४ चा उपयोग अंतर लांब आणि वेग मोठा असेल तिथे. बदल मॉड्यूल पुन्हा लोड झाल्यावर लागू होतो, म्हणून एकदा रिबूट.

साइजचा नंबर तिसरा. १०० एमबीपीएस लाइन किंवा सर्व्हरला २ जीबीपर्यंत रॅम असेल तर आरसाइज आणि डब्ल्यूसाइज दोन्ही १३१०७२. गिगाबिट आणि ४ जीबी असेल तर ५२४२८८. त्याहून मोठ्या सर्व्हरला १०४८५७६. आकडा १०२४ च्या पटीतच द्यावा, नाहीतर कर्नल खाली उतरवतो. रिमाउंटने हा बदल होत नाही. पूर्ण अनमाउंट करून परत माउंट करा आणि एनएफएसस्टॅटने खात्री करा. ३२ केबीच्या खाली जाऊ नका. रिक्वेस्टची संख्या इतकी वाढते की जुन्या सर्व्हरचा प्रोसेसरच दमतो.

सर्व्हरच्या बाजूचा थ्रेडचा आकडा विसरू नका. प्रत्येक एनएफएसडी थ्रेड कमाल साइजइतकी पेजेस धरून बसतो, आणि ती स्वॅपमध्ये जात नाहीत. २५६ केबीला ८ थ्रेड म्हणजे २ एमबी, किरकोळ. पण कुणी वेगाच्या नादात साइज १ एमबी आणि थ्रेड १२८ केले असतील तर २ जीबीतले १२८ एमबी कायमचे गेले, तेही एका डिस्कच्या मशीनवर जिथे १२८ जण काम करूच शकत नाहीत. एका डिस्कला ८ पुरे. कमाल साइज हाताने बदलायचीच असेल तर ती ‘/प्रॉक/एफएस/एनएफएसडी/मॅक्स_ब्लॉक_साइज’ मध्ये असते, एनएफएस सर्व्हर बंद असतानाच लिहिता येते आणि रिबूटनंतर मूळपदावर येते. कायमची हवी तर सेवा सुरू होण्याआधी चालणाऱ्या ओळीत टाका.

सर्व्हरची स्वतःची उधारीही बांधा. क्लायंटने कमिट मागितलं की सर्व्हरला साठवलेलं सगळं डिस्कवर उतरवावं लागतं, आणि उत्तर येईपर्यंत क्लायंट आपल्या रॅममधली ती पानं सोडू शकत नाही. सर्व्हरकडे ३०० एमबी साचलेत आणि डिस्क सेकंदाला ३० एमबी घेते, तर एक कमिट १० सेकंदांचा. सर्व्हरवर बॅकग्राउंड ३२ एमबी, कमाल १२८ एमबी ठेवा. डिस्क यूएसबीची असेल तर ती कुठल्या पोर्टला आहे तेही बघा. यूएसबी २ वर लिनक्स एका वेळी २४० सेक्टर, म्हणजे १२० केबीच पाठवतो. नेटवर्कवरून १ एमबीची गाडी आली तरी शेवटी तिचे नऊ तुकडे होऊनच माल उतरतो. यूएसबी ३ वर ही मर्यादा २०४८ सेक्टर, पुरा १ एमबी.

हे करू नका

एक्सपोर्टला (सर्व्हरने वाटलेल्या फोल्डरला) एसिंक लावू नका. वेग दिसतो खरा, कारण सर्व्हर डिस्कवर न लिहिताच ‘लिहिलं’ म्हणून उत्तर देतो. वीज गेली की सर्व्हरच्या रॅममधलं जातं, आणि क्लायंटने तर आपली प्रत केव्हाच सोडून दिलेली असते. जिथे दिवसातून चारदा वीज जाते तिथे शेतकऱ्याच्या वजनाची नोंद अशी हरवणं कुणालाच परवडणारं नाही.

सॉफ्ट माउंट आणि छोटा टाइमओ (उत्तराची वाट बघायची मुदत) ही जोडी तशीच घातक. टाइमओ सेकंदाच्या दहाव्या भागात मोजतात. टीसीपीवर डिफॉल्ट ६००, म्हणजे ६० सेकंद. ‘लवकर सुटावं’ म्हणून कुणी ३० लिहितो, म्हणजे ३ सेकंद. वर बघितलं, भरलेली रांगच ६ सेकंदांची असू शकते. मग चांगल्या चाललेल्या रिक्वेस्ट मेलेल्या समजून परत पाठवल्या जातात, लाइन आणखी भरते, आणि सॉफ्ट असल्यामुळे शेवटी प्रोग्रॅमला एरर जाऊन अर्धी फाइल राहते. हार्ड आणि ६०० राहू द्या.

सर्व्हरने स्वतःचंच एक्सपोर्ट स्वतःवर माउंट करू नये. बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये हे लपलेलं असतं. रॅम भरली की क्लायंटला जागा मोकळी करायला सर्व्हरकडे लिहावं लागतं आणि सर्व्हरला लिहून घ्यायला जागा हवी असते. दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतात. स्क्रिप्टला थेट स्थानिक फोल्डर द्या.

वाचताना रॅम भरत असेल तर

रेकॉर्डिंग बघताना तक्रार असेल तर रीडअहेड बघा, म्हणजे ड्रायव्हर पुढचा किती भाग आधीच आणून ठेवतो. ५.४ च्या आधीच्या कर्नलमध्ये एनएफएसचा रीडअहेड आरसाइजच्या १५ पट होता. १ एमबीला एका उघड्या फाइलमागे १५ एमबी. २० कॅमेऱ्यांच्या फाइली एकदम उघडल्या की ३०० एमबी. ५.४ पासून तो १२८ केबीवर आला, त्यामुळे उलटी तक्रार येते: कर्नल नवा केला आणि वाचन मंदावलं, आरसाइज १ एमबी असूनही एका ऑपरेशनमागे १२८ केबीच दिसतात. बीडीआयच्या त्याच फोल्डरात रीड_अहेड_केबी १०२४ करा. बघणारा एक-दोनच असेल तर २०४८.

साम्बा आणि आयस्कझी

विंडोज मशीनसाठी साम्बाचे आकडे मोठ्या सर्व्हरला शोभणारे असतात. एसएमबी२ मॅक्स रीड आणि मॅक्स राइट, दोन्ही ८३८८६०८, म्हणजे ८ एमबी. मॅक्स क्रेडिट्स ८१९२. एका क्रेडिटला ६४ केबी, म्हणजे कागदावर एका जोडणीला ५१२ एमबी वाटेत ठेवायची मुभा, आणि प्रत्येक क्लायंटमागे वेगळी प्रोसेस. २ जीबीच्या सर्व्हरवर ग्लोबल भागात रीड, राइट आणि ट्रान्स तिन्ही १०४८५७६ आणि क्रेडिट्स ५१२ ठेवा, म्हणजे ३२ एमबी. टेस्टपार्मने तपासा, सेवा रिस्टार्ट करा. आकडे जोडणी होतानाच ठरतात, म्हणून विंडोजवरून पुन्हा लॉगिन करा.

रेकॉर्डिंगसाठी आयस्कझी (सर्व्हरची डिस्क नेटवर्कवरून स्वतःच्या डिस्कसारखी वापरायची पद्धत) वापरत असाल तर ‘/सिस/ब्लॉक’ मध्ये त्या डिस्कच्या क्यू फोल्डरात मॅक्स_सेक्टर्स_केबी बघा. बऱ्याच कर्नलवर १२८० असतो. ओपन-आयस्कझीची क्यू डेप्थ ३२, गुणाकार ४० एमबी. २५६ केला तर ८ एमबी. मॅक्स_एचडब्ल्यू_सेक्टर्स_केबीच्या वर तो जात नाही. बदल टिकवायला युडेव्हचा (डिव्हाइस जोडताना सेटिंग लावणाऱ्या सेवेचा) नियम लिहावा लागतो. इथे एक वेगळं दुखणंही भेटतं: छोट्या फाइली ठीक, मोठी मात्र दरवेळी आय/ओ एररने तुटते. टार्गेटने (डिस्क देणाऱ्या सर्व्हरने) सांगितलेली मर्यादा त्याला स्वतःला झेपत नसते. डीडीला ओफ्लॅग=डायरेक्ट लावून रिकाम्या चाचणी-फाइलवर १२८के, २५६के, ५१२के, १एम असं चढत जा. ज्या साइजला पहिल्यांदा तुटतं तिच्या एक पायरी खाली बांधा. चालू डिस्कच्या नावावर डीडी मारू नका, सगळं पुसलं जातं.

रॅम मोकळी दिसते, तरी ‘पेज अलोकेशन फेल्युअर’

फ्री कमांड ३०० एमबी मोकळी दाखवते आणि लॉगमध्ये ‘ऑर्डर:४’ अपयशी. सातबाऱ्यावर एकूण पाच एकर दिसावेत आणि प्रत्यक्षात दोन-दोन गुंठ्यांचे तुकडे निघावेत, तसं हे आहे. काही ड्रायव्हरांना बफर सलग लागतो. ऑर्डर म्हणजे दोनाचा घात, गुणिले ४ केबी: ऑर्डर ४ म्हणजे सलग ६४ केबी, ऑर्डर ८ म्हणजे सलग १ एमबी. ‘/प्रॉक/बडीइन्फो’ मध्ये डावीकडून उजवीकडे ऑर्डर ० ते १० चे मोकळे तुकडे किती ते दिसतं. उजवीकडचे आकडे शून्य असतील तर तुकडेच तुकडे झालेत. व्हीएम.मिन_फ्री_केबाइट्स ६५५३६ करा, जंबो फ्रेम (९००० चं एमटीयू) बंद करा, साइज एक पायरी उतरवा. ऑर्डर ० चंच अपयश दिसत असेल तर मात्र रॅम खरोखर संपली आहे. तिथे सेटिंगची करामत चालत नाही, दुसरी स्टिक घाला.

बदलानंतरची परीक्षा

दिवसा नाही, संध्याकाळच्या खऱ्या वेळी करा. कॅमेरे चालू, बॅकअप चालू, आणि काट्यावर दहा पावत्या घड्याळ लावून. प्रत्येक पावती दोन-तीन सेकंदांत निघाली पाहिजे. नाही निघाली तर स्लॉट ८ करा, तरी नाही तर आरसिंकला (बॅकअपच्या कॉपी कमांडला) ‘--बीडब्ल्यूलिमिट=३०००’ लावा; सेकंदाला ३ एमबी, कॅमेऱ्यांनंतर उरतं तेवढंच. बॅकअप रात्री अकरानंतर नेता आला तर ही मर्यादाही नको.

वीज जाऊन आल्यावर सर्व्हर सुरू होतो, पण आवृत्ती ४ चं माउंट आणखी साधारण दीड मिनिट थिजलेलं दिसतं. तो ९० सेकंदांचा ग्रेस पिरियड आहे, जुन्या क्लायंटना आपापले लॉक परत घेण्यासाठी. या दीड मिनिटात कुणी घाईने सर्व्हर पुन्हा रिस्टार्ट केला की ९० सेकंद पुन्हा पहिल्यापासून सुरू. काट्यावरच्या माणसाला हे आधी सांगून ठेवा आणि सर्व्हर, स्विच, मुख्य मशीन तिन्ही एकाच इन्व्हर्टरवर घ्या. स्विच सुटा राहिला तर बाकी दोघं चालू असूनही रांग भरत जाते.